बारावीनंतर भाचीला परिचर्या शिक्षणाला पाठवायचे आहे : एएनएम, जीएनएम की बी.एस्सी.?

देवगडची शिक्षिका (प्रश्न)

नमस्कार. मी देवगड तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या भावाची मुलगी यंदा बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण झाली असून तिने परिचारिका होण्याचे मनाशी पक्के केले आहे. घरात या क्षेत्रातले कोणीही नाही. गावात जो तो वेगळा सल्ला देतो आणि त्यातले बरेचसे ऐकीव असते, म्हणून या कामात असलेल्यांनाच विचारावे असे वाटले.

तिच्या मनात हे कुठून आले ते सांगितले तर माझा प्रश्न नीट समजेल. गेल्या जुलैत लावणीच्या दिवसांत तिच्या आजीला, म्हणजे माझ्या आईला, ताप आला. पावसात भिजल्याचा ताप म्हणून घरात दोन दिवस काढा दिला गेला. तिसऱ्या दिवशी उपकेंद्राच्या सिस्टर घरभेटीला आल्या. त्यांनी थर्मामीटर लावण्याआधी आईच्या पोटऱ्या दाबून पाहिल्या आणि आई कळवळली. मग खालची पापणी ओढून डोळ्यांतली लाली पाहिली आणि लघवी कितीदा झाली ते विचारले. आईला आठवेना. भाचीने सांगितले की सकाळपासून एकदाही नाही. त्यावर सिस्टर म्हणाल्या, "निदान करणे हे माझे काम नाही, डॉक्टर करतील, पण उद्यावर टाकू नका, आत्ता निघा." त्याच दुपारी आम्ही आईला ग्रामीण रुग्णालयात नेले. लेप्टो, म्हणजे साचलेल्या पाण्यातून होणारा ताप, निघाला. आई आज बरी आहे. त्या दिवसापासून भाचीच्या डोक्यात दुसरे काही नाही.

माझे प्रश्न असे आहेत. तीन अभ्यासक्रमांत खरा फरक काय, आणि कुठल्या शिक्षणातून कुठल्या जागेवर जाता येते? सरकारी आरोग्यसेवेत परिचारिका नेमकी कोणाच्या हाताखाली आणि किती माणसांसाठी काम करते? आणि मला सर्वांत जास्त छळणारा प्रश्न हा की, ज्या सिस्टरना पोटरी दाबून आजार ओळखता आला त्यांनाच "हे माझे काम नाही" असे म्हणावे लागले. तर तीन-चार वर्षे शिकून मुलगी जे शिकेल, त्यातले तिला प्रत्यक्षात किती करू दिले जाते? भावाला रात्रपाळीची काळजी वाटते. लोकांचे मलमूत्र काढायला मुलीला कशाला पाठवता, असेही एका नातेवाइकाने ऐकवले आहे.

निवृत्त अधिपरिचारिका, रत्नागिरी

बाई, तुमचा शेवटचा प्रश्न मोलाचा आहे. पण आधी अभ्यासक्रमांचे सांगते, कारण त्यातच गावोगाव गोंधळ असतो.

एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, कोणत्याही शाखेतून बारावी झालेल्या मुलींना तो करता येतो, आणि त्यातून उपकेंद्रावरची आरोग्य सेविका तयार होते. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) तीन वर्षांचा. बारावीला चाळीस टक्के आणि इंग्रजी विषय असला की मुलगे-मुली दोघांनाही करता येतो. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. त्याला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात, गुण किमान पंचेचाळीस टक्के, आणि प्रवेश सीईटी या सामाईक प्रवेश परीक्षेतून होतो. एएनएम व जीएनएमच्या परीक्षा राज्याचे परिचर्या व परावैद्यक शिक्षण मंडळ घेते, बी.एस्सी.ची पदवी नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ देते. कुठलाही मार्ग घेतला तरी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय काम करता येत नाही, आणि ती नोंदणी वेळोवेळी नूतनीकृत करावी लागते.

सरकारी रुग्णालयातल्या अधिपरिचारिकेच्या, म्हणजे स्टाफ नर्सच्या, जागेला जीएनएम आणि बी.एस्सी. दोन्ही चालतात, आणि वेतनश्रेणी दोघींना एकच मिळते, 35,400 ते 1,12,400 रुपये. आरोग्य सेविकेची श्रेणी 25,500 ते 81,100 आहे. अधिपरिचारिकेची पुढे परिसेविका होते, म्हणजे लोक जिला वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर म्हणतात ती. त्यानंतर सहायक अधिसेविका आणि अधिसेविका. आरोग्य सेविकेची पायरी वेगळी आहे, तिला आरोग्य सहाय्यिका होता येते. एका पायरीवरून दुसरीवर उडी मारायची तर पुन्हा शिकावे लागते. आणखी एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, आणि वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असते. सिंधुदुर्गात आणि अलिबागला 2021 नंतर व रत्नागिरीत 2023 मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यापासून कोकणातल्या परिचारिकांसमोर हे तिन्ही दरवाजे आहेत.

आता मलमूत्राचे. त्या नातेवाइकांना माझा निरोप द्या की मी ते काम तीस वर्षांहून अधिक केले आहे. अंगाखालचे कापड बदलताना पाठ दिसते, पाठीवर माकडहाडाजवळ लाल चट्टा दिसतो, आणि तो चट्टा त्या दिवशी दिसला तर दर दोन तासांनी कूस बदलून जखम टाळता येते. मूत्राच्या पिशवीत किती जमले, कोणत्या रंगाचे जमले, हे जिने हाताने मोजले तिलाच मूत्रपिंड थकल्याचे आधी कळते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग एका हल्ल्यानंतर बेचाळीस वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या अंगावर बेडसोअर, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा, होऊ न देणाऱ्या परिचारिकांची दखल सर्वोच्च न्यायालयाने 2011च्या निकालात घेतली. ते सारे याच कामातून झाले.

किती करू दिले जाते, याचे उत्तर मी माझ्या पहिल्या नेमणुकीवरून देते. ती रायगड जिल्ह्यात होती, 1980च्या दशकाच्या अखेरीस. लाल विंचू चावलेली मुले भातकापणीच्या दिवसांत रोज येत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला होता आणि ज्या विषाने मुले डोळ्यांदेखत जात त्यातून ती वाचू लागली होती. गोळी डॉक्टर लिहून देत. पण ती दिल्यानंतरचे सगळे सिस्टरचे. मुलाला उठू द्यायचे नाही, कारण पहिल्या डोसाने रक्तदाब एकदम खाली येतो. आई मांडीवर घ्यायला धडपडते, तिला समजावायचे. नाडी, घाम, रक्तदाब लिहीत राहायचे. दर तीन तासांनी पुन्हा डोस द्यायचा, तो हातपाय गरम होईपर्यंत. आता हे हातपाय गरम झाले की नाहीत हे कोणते यंत्र सांगत नव्हते. रात्री तीन वाजता त्या पोराचे तळपाय मी माझ्या तळहातात धरून बसे, आणि ते कोमट झाले की डॉक्टरांना उठवून सांगे. पुढचा डोस थांबवायचा निर्णय कागदावर डॉक्टरांचा होता, पण तो माझ्या हातावर आधारलेला होता. परिचारिकेचे बहुतेक काम असेच असते, बाई. सही दुसऱ्याची असते, आणि जिथून ती सही येते ते निरीक्षण तिचे असते. मुलीला हे मान्य असेल तर तिने यावे.

रात्रपाळीबद्दल भावाला खोटे समाधान देणार नाही. सर्वसाधारण रुग्णालयात पाच खाटांमागे एक परिचारिका आणि वर तीस टक्के रजा राखीव, हे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण. ते तीन पाळ्यांत वाटले की दर पाळीला पंधरा खाटांमागे एक उरते. म्हणजे तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात सर्व जागा भरलेल्या असल्या तरी रात्री दोघी असणार. त्यातली एक प्रसूतिकक्षात अडकली की वॉर्डात एक. आणि सर्व जागा भरलेल्या असण्याचे दिवस मी माझ्या नोकरीत फार थोडे पाहिले.

आरोग्य सेविका, वैभववाडी

वरच्या ताईंनी रुग्णालयातले लिहिले, मी उपकेंद्रातले लिहिते. तुमच्या आईकडे आलेल्या सिस्टर माझ्याच कामातल्या आहेत.

नियमाप्रमाणे सपाट प्रदेशात पाच हजार आणि डोंगराळ वा आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येला एक उपकेंद्र असते. तीन हजार हा आकडा ऐकायला लहान वाटतो, पण आमच्याकडे वाड्या विखुरलेल्या असतात. एक वाडी व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडे, दुसरी पलीकडे, मध्ये साकव, आणि पावसाळ्यात साकवावरून पाणी. गरोदर मातांची नोंद आणि तपासणी, बाळंतिणीच्या घरभेटी, लसीकरण, तापाच्या रुग्णांचे रक्तनमुने, क्षयाच्या गोळ्या, तीस वर्षांवरील लोकांचा रक्तदाब आणि साखर, गणपतीत मुंबईहून चाकरमानी आले की त्यांच्यातले तापाचे रुग्ण, लावणीच्या आधी शेतकऱ्यांना लेप्टो टाळण्यासाठी डॉक्सिसायक्लीनच्या गोळ्या, हे सर्व या उपकेंद्राचे. मी 2016 मध्ये दोडामार्ग तालुक्यात होते. काजूच्या बागांत माकडे मरून पडू लागली आणि माणसांना माकडताप होऊ लागला, तेव्हा गोचीड कुठून अंगावर चढते, घरी आल्यावर कपडे कसे उकळायचे, हे घरोघर सांगत फिरलो. एएनएमच्या दोन वर्षांत माकडतापाबद्दल मी एक ओळही शिकले नव्हते.

लसीकरणाचे एक बारीक काम सांगते, म्हणजे मुलीला अंदाज येईल. सत्राला निघताना डब्यात घालायचे आइसपॅक फ्रीजरमधून काढून लगेच घालायचे नसतात. ते बाहेर ठेवायचे, वर दव धरू लागले पाहिजे आणि हलवले की आत पाणी खुळखुळले पाहिजे. तसे न करता घातले तर पेंटाव्हॅलंटसारखी लस गोठते, आणि गोठलेली लस दिसायला चांगलीच दिसते. मूल रडते, आई समाधानाने घरी जाते, कार्डावर नोंद होते, आणि त्या मुलाला हवे तेवढे संरक्षण मिळालेले नसते. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची कुपी विरघळवल्यावर चार तासांनी टाकून द्यायची, मग आत कितीही डोस उरले असले तरी. हे घाई-गडबडीत कोणी तपासायला येत नाही. ते सेविकेने स्वतःशीच पाळायचे असते.

आता बाईंचा तो प्रश्न. आम्हाला कुशल प्रसूती सहाय्यकाचे एकवीस दिवसांचे प्रशिक्षण मिळते. त्यात पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीचा आलेख, भरणे, बाळ जन्मल्यावर एका मिनिटाच्या आत आईला रक्तस्राव रोखणाऱ्या ऑक्सिटोसिनची दहा युनिट देणे, आणि गरोदरपणात झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस, दोन्ही नितंबांत पाच-पाच ग्रॅम खोल स्नायूत देऊन मगच पुढे पाठवणे, हे शिकवतात. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनी हे अधिकार आरोग्य सेविकेला दिलेले आहेत.

काही वर्षांपूर्वी एका पावसाळी रात्री एक पहिलटकरीण आली. डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी, पाय सुजलेले. रक्तदाब पाहीपर्यंत तिला झटका आला. वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन लागत नव्हता. मी तिला डाव्या कुशीवर वळवले, तोंड पुसले, आणि औषध भरायला घेतले. एका इंजेक्शनाला वीस मिलीच्या सिरिंजमध्ये दहा मिली घ्यावे लागते, तेवढे भरताना हात थरथरत होते, पण मी दिले. 108ची गाडी आली, आम्ही कणकवलीला पोहोचलो, आई आणि बाळ दोन्ही वाचली. त्यानंतर आठवड्याने मला वरिष्ठांपैकी एकांनी बोलावून विचारले, "कोणाच्या सांगण्यावरून दिलेत?" मी प्रशिक्षणाची पुस्तिका बरोबर नेली होती. पान उघडून समोर ठेवले. त्यांनी ते वाचले आणि विषय संपवला, पण तो प्रश्न माझ्या मनातून अजून गेलेला नाही. माझ्यासारखीच दुसरी एखादी सेविका तो प्रश्न आधीच आठवून इंजेक्शन न देता बाईला गाडीत बसवेल, आणि बाई कोल्हापूरच्या वाटेवर करूळ घाटातच दगावेल, याची मला भीती वाटते.

म्हणून भाचीला सांगा, अधिकार असतात, पण ते कुठे लिहिलेत हे स्वतःला पाठ असले पाहिजे. माझी दुसरी तक्रार नोंदींची आहे. माता-बालकांचे वेगळे पोर्टल, लसीकरणाचे यू-विन वेगळे, रक्तदाब-मधुमेहाचे वेगळे, टॅबवर 'अनमोल' ॲप वेगळे, आणि हे सर्व असूनही कागदी नोंदवह्या सुटलेल्या नाहीत. वाडीत रेंज नसते, म्हणून दिवसभराचे काम रात्री घरी बसून भरायचे. एका आजीबाईंचा रक्तदाब मोजायला पाच मिनिटे लागतात आणि तो नोंदवायला दहा. तरीही त्या आजी मला पाहून म्हणतात, "बाय, तुझो हात लागलो काय माका बरा वाटता", आणि मी पुढच्या घरी जाते.

पाठ्यनिर्देशिका, चिपळूण

मी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना शिकवते. वरच्या दोन्ही ताईंचे अनुभव वर्गात वाचून दाखवावेत असे आहेत. मला महाविद्यालय निवडण्याविषयी लिहायचे आहे, कारण मुली इथेच फसतात.

बी.एस्सी.चा अभ्यासक्रम 2021च्या नियमांनी बदलला. आता तो आठ सत्रांचा आहे, रुग्णाला हात लावण्याआधी पुतळ्यांवर सराव करण्याच्या प्रयोगशाळेला त्यात मोठे स्थान आहे, आणि अखेरच्या टप्प्यात पूर्णवेळ रुग्णालयात राहून काम करण्याचा काळ आहे. सामुदायिक आरोग्याचा जो सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्वी वेगळा करावा लागे, त्याचा आशयही त्यात घेतला आहे. याचा उपयोग असा की, 2018 पासून उपकेंद्रांचे रूपांतर ज्या आरोग्यवर्धिनी केंद्रांत झाले, ज्यांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या कामाची तयारी पदवीतच होते. महाराष्ट्रात या जागांवर आयुर्वेद पदवीधर मोठ्या संख्येने आहेत, परंतु बी.एस्सी. नर्सिंग झालेल्यांनाही त्या खुल्या आहेत. रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णांचा पाठपुरावा, वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ठरवून दिलेली औषधे पुढे चालू ठेवणे, ई-संजीवनी या ऑनलाइन सेवेवरून तज्ज्ञांचा सल्ला मिळवून देणे, ही कामे त्यात येतात. बाईंनी विचारले की शिकलेल्यातले किती करू दिले जाते; माझ्या मते परिचारिकेला स्वतःच्या बुद्धीने काम करायला आजच्या व्यवस्थेत सर्वाधिक वाव या जागेवर आहे, आणि कोकणातल्या विखुरलेल्या वाड्यांना तिची गरजही सर्वाधिक आहे. प्रसूतीच्या कामातही 2018च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी अठरा महिन्यांचे वेगळे प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका-सुईणीची संकल्पना आणली, जी सरळ प्रसूती स्वतःच्या जबाबदारीवर करील. संसदेने 2023 मध्ये नवा राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला आणि 1947च्या कायद्याने आलेल्या भारतीय परिचर्या परिषदेची जागा त्या आयोगाने घ्यावी असे ठरवले. कागदावरची दिशा परिचारिकेचा अधिकार वाढवण्याची आहे. कागद वॉर्डापर्यंत यायला वेळ लागतो.

आता निवडीचे. इमारत पाहू नका, शुल्काची सवलत पाहू नका. एकच विचारा, मुली प्रात्यक्षिकाला कुठल्या रुग्णालयात जातात आणि त्या रुग्णालयात महिन्याला किती प्रसूती होतात. जुन्या बी.एस्सी. अभ्यासक्रमात प्रत्येक विद्यार्थिनीने तीस गरोदर स्त्रियांची तपासणी आणि वीस सरळ प्रसूती स्वतःच्या हाताने करून केसबुकात नोंदवायच्या होत्या. मी पूर्वी एका खाजगी संस्थेत होते. तिचे नाव घेणार नाही. तिथे पन्नास मुलींची तुकडी होती आणि जोडलेल्या रुग्णालयात आठवड्याला दोन-तीन प्रसूती. पन्नास गुणिले वीस म्हणजे हजार प्रसूती लागतात. त्या कुठून येणार? एकाच बाळंतिणीचे नाव बारा केसबुकांत मला सापडले. वजन, वेळ, रक्तस्राव, सगळे सारखे, अक्षर तेवढे वेगळे. मी त्यावर सही केली नाही आणि वर्ष संपल्यावर ती नोकरी सोडली. त्या मुलींचा मला राग आला नाही. त्या उत्तीर्ण झाल्या, नोंदणी झाली, आणि त्यांतली एखादी आज कुठल्यातरी प्रसूतिकक्षात रात्रपाळीला एकटी असेल, जिने डोके बाहेर येताना हाताने आधार देणे केवळ वहीत केले आहे. या विचाराने मला अजून झोप लागत नाही असे होते.

म्हणून जिल्हा रुग्णालयांना जोडलेल्या शासकीय प्रशिक्षण केंद्रात जीएनएमला जागा मिळत असेल आणि दुसरीकडे रुग्ण नसलेल्या ठिकाणी बी.एस्सी.ला, तर मी स्वतःच्या मुलीला डोळे मिटून पहिल्या ठिकाणी पाठवीन. जीएनएमनंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवी मिळवता येते. हुकलेल्या प्रसूती मात्र नंतर कुठल्याही अभ्यासक्रमात भरून निघत नाहीत.

राजापूरचा ब्रदर, मुक्काम मुंबई

मी जीएनएम केले आणि गेली सात वर्षे मुंबईत खाजगी रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागात काम करतो. खाजगीतले कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो.

शिकायला इथे भरपूर मिळते. अतिदक्षतेत एका रुग्णामागे एक परिचारिका असावी हे प्रमाण आहे, आणि चांगल्या ठिकाणी ते बऱ्याच अंशी पाळतात. व्हेंटिलेटर, धमनीतल्या रक्ताच्या तपासण्या, औषधांचे थेंब मिनिटामागे किती हे सर्व इथे हाताखालून जाते. पगाराचे मात्र ठिकाणागणिक बदलते. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने 2016 मध्ये शिफारस केली होती की, दोनशेहून अधिक खाटांच्या खाजगी रुग्णालयात परिचारिकेला राज्य सरकारी परिचारिकेइतका पगार असावा, शंभराहून अधिक खाटा असल्यास तो त्याहून कमी असला तरी दहा टक्क्यांहून जास्त फरक नसावा, पन्नास ते शंभर खाटांना पंचवीस टक्क्यांहून जास्त फरक नसावा, आणि त्याहून लहान रुग्णालयातही वीस हजारांच्या खाली जाऊ नये. शिफारस राज्यांनी अमलात आणायची होती. माझ्या पहिल्या नोकरीत मला त्या वीस हजारांच्या निम्म्याहून थोडे अधिक मिळत होते, आणि तिथे माझी मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली होती. नोकरी सोडताना ती परत मिळवायला चार महिने खेटे घालावे लागले. भाचीला एवढे नक्की सांगा की मूळ कागद कोणालाही द्यायचे नाहीत, दाखवायचे आणि परत घ्यायचे.

राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी जागांवरही माझे वर्गमित्र आहेत. काम कायम परिचारिकेचेच, करार अकरा महिन्यांचा, आणि दर वर्षी नूतनीकरणाची धाकधूक. गावाजवळ राहता येते म्हणून ते टिकून आहेत. मलाही परत यायचे आहे. आईचा फोन आला की ती आधी माझी पाळी कोणती आहे ते विचारते, मग बाकीचे बोलते.

देवगडची शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. तुमची उत्तरे मी काल रात्री भावाला आणि वहिनीला मोठ्याने वाचून दाखवली. केसबुकाचा भाग वाचल्यावर भाऊ बराच वेळ गप्प होता, आणि मग त्याने स्वतःच शासकीय केंद्राचा अर्ज कधी निघतो ते विचारले. आम्ही सीईटीतून बी.एस्सी.साठी प्रयत्न करणार आहोत, आणि ज्या महाविद्यालयाचे नाव लागेल तिथे आधी रुग्णालय पाहून येणार आहोत. ते पटले नाही तर जीएनएम.

एक राहिले. प्रवेशाला अजून वेळ आहे. तोवर तिने हे काम जवळून पाहावे असे तिला आणि मला दोघींनाही वाटते. वाचून तिचा उत्साह कमी झालेला नाही, पण तिने अजून सुईसुद्धा जवळून पाहिलेली नाही. असे कुठे पाहायला मिळते का?

आरोग्य सेविका, वैभववाडी

बाई, वॉर्डात किंवा प्रसूतिकक्षात बाहेरच्या मुलीला उभे करता येत नाही, आणि तसे करूही नये, तिथे रुग्णाची लाज असते. पण लसीकरणाचे सत्र अंगणवाडीत सर्वांसमोर होते. तुमच्या आईकडे आलेल्या सिस्टरनाच विचारा, त्यांचे पुढचे सत्र कधी आहे. आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांची हरकत नसेल तर माझ्याकडेही तिला आणा. मी सकाळी आठ वाजता आइसपॅक बाहेर काढते, तेव्हापासून तिला बसवीन. काम तिला करायला देणार नाही, फक्त बाळांची नावे आणि आईने सांगितलेली तारीख कार्डाशी ताडून पाहायला लावीन. पहिले बाळ रडायला लागले की आधी ती कोणाकडे पाहते, बाळाकडे, सुईकडे की आईकडे, ते मला बघायचे आहे.

देवगडची शिक्षिका

आईकडे आलेल्या सिस्टरशी आजच बोलले. पुढच्या बुधवारी सत्र आहे. ती जाणार आहे.